पायथनमध्ये मराठी स्ट्रिंगचा तुकडा काढायचाय? आधी बघा, मोजून कापता येतंय का

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका संस्थेच्या सभासदांची यादी आहे, एकेका ओळीत नाव, पत्ता, पिन, मोबाईल, काहींचा जीएसटी नंबर, सगळं मराठीत टाईप केलेलं. त्यातून पायथनने चार गोष्टी वेगळ्या काढायच्यात, नावाची आद्याक्षरं, आडनाव, पिन कोड आणि जीएसटी नंबरातला पॅन. पॅन बरोबर आला पण बाकी तिन्हीत गडबड. पुरुषोत्तमचं पहिलं अक्षर काढलं तर नुसतं 'प' येतंय, पत्त्याच्या शेवटची सहा चिन्हं घेतली तर पिनचा पहिला आकडा गायब होतोय, आणि विचारलंय की स्लाइसिंग, म्हणजे चौकोनी कंसात कुठून कुठपर्यंत ते आकडे देऊन स्ट्रिंगचा (मजकुराचा) तुकडा काढणं, नीट कसं करायचं.

स्लाइसिंग तुमचं नीटच आहे हो. पॅन आला कारण तिथे प्रत्येक चिन्हाची जागा ठरलेली आहे. पत्ता आणि नाव यांत कुठलीच जागा ठरलेली नसते, तिथे मोजून कापायला गेलं की दहा ओळी बरोबर येतात आणि अकरावी फसते. आणि मराठी नावात तर आपण ज्याला अक्षर म्हणतो ते आणि पायथन ज्याला एक चिन्ह धरतो ते एक नाहीच. त्यावर खाली जरा जास्त लिहितो कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे.

एक आधीच सांगतो, खालचा कोड मी देवनागरीतच लिहितोय, वाचायला बरं पडतं. तुम्ही टाईप करताना फंक्शनची नावं आणि आकडे इंग्रजीतच टाका. व्हेरिएबलचं नाव मात्र 'नाव', 'पत्ता' असं मराठीत ठेवलंत तरी पायथन ३ कुरकुर करत नाही. गंमत बघा, कोडात इंडेक्स म्हणून मराठी ० टाकला तर सिंटॅक्स एरर, पण इंट("४११०३०") असं कोटमध्ये दिलं तर तोच पायथन गपचूप त्याची संख्या करून देतो.

आधी जे सोपं आहे ते. जीएसटी नंबर १५ चिन्हांचा, पहिले २ आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची १० चिन्हं म्हणजे पॅन, मग त्याच पॅनवर त्या राज्यातलं कितवं रजिस्ट्रेशन ते एक चिन्ह, मग बहुतेक वेळा झेड, आणि शेवटी चेक डिजिट. म्हणून:

राज्य = जीएसटी[:२]
पॅन = जीएसटी[२:१२]
प्रकार = पॅन[३]

शेवटच्या ओळीत पॅनचं चौथं चिन्ह काढलंय, कारण मोजणी शून्यापासून. तिथे पी असेल तर व्यक्ती, सी कंपनी, एच हिंदू अविभक्त कुटुंब, एफ भागीदारी फर्म. आणि [२:१२] मध्ये १२ वं धरायचं नाही, २ पासून ११ पर्यंतच. हे सुरुवातीला सगळ्यांनाच विचित्र वाटतं पण फायदा असा की १२ वजा २ केलं की लांबी लगेच १० मिळते, आणि [:२], [२:१२], [१२:] असे तुकडे एकापुढे एक ठेवले की मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी परत येते, मध्ये काही सुटत नाही की दोनदा येत नाही. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने १९८२ साली मोजणी शून्यापासून का करावी यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं त्यातही अर्ध्या उघड्या (पहिला आकडा धरायचा, शेवटचा नाही अशा) रेंजच्या बाजूने जवळपास हाच युक्तिवाद आहे.

एक्सेलमधून आलेल्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण एक्सेलचं मिड १ पासून मोजतं आणि तिसरा आकडा 'कुठपर्यंत' नसून 'किती' असा असतो, म्हणजे तोच पॅन तिथे मिड(सेल, ३, १०). एसक्यूएलचं सबस्ट्रही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये स्लाइस वापरा, ते पायथनसारखंच वागतं, उणे आकडा दिला तर शेवटून मोजतं. सबस्ट्रिंग मात्र उणे आकड्याला शून्य समजतं आणि पहिला आकडा मोठा असेल तर न विचारता दोन्ही आकड्यांची अदलाबदल करतं, त्याच्या नादी लागू नका.

पायथनची एक खोड लक्षात असू द्या. जीएसटी[१४] असं एकच चिन्ह मागितलं आणि स्ट्रिंग लहान असली तर एरर येते, चांगलंय. पण जीएसटी[२:१२] असा तुकडा मागितला आणि नंबर अर्धवट टाईप केलेला असला तर एरर येत नाही, जेवढं असेल तेवढं देतो, काहीच नसेल तर रिकामी स्ट्रिंग देतो आणि गाडी पुढे. म्हणून कापायच्या आधी स्ट्रिप मारा (पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा जातात) आणि लांबी १५ आहे का बघा, नसेल तर ती ओळ बाजूला काढा. आयएफएससीचंही (बँक शाखेच्या कोडचंही) असंच, ११ चिन्हं, पहिली ४ बँकेची, पाचवं शून्य, शेवटची ६ शाखेची, ती [-६:] ने बिनधास्त काढा.

आता पिन. पिनसुद्धा ६ आकडीच ना, १९७२ च्या १५ ऑगस्टपासून चालू आहे, मग [-६:] का चालत नाही? कारण पिन ठरलेल्या लांबीचा आहे, पत्ता नाही. लोक 'पुणे - ४११ ०३०' असं मध्ये जागा सोडून लिहितात, म्हणजे ती झाली सात चिन्हं, आणि शेवटच्या सहात '११ ०३०' येतं. कुणी पुढे पूर्णविराम देतो, कुणी पिननंतर 'महाराष्ट्र' लिहितो, कुणी मोबाईल नंबर. इथे मोजायचं सोडून द्या आणि आकार शोधा, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात रेजेक्स). शब्दात सांगायचं तर तीन आकडे, मग असली तर एक जागा, मग पुन्हा तीन आकडे. पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश डी (पॅटर्नमध्ये 'कुठलाही एक आकडा') मराठी आकड्यांनाही लागू पडतो, जावास्क्रिप्टमध्ये नाही, तिथे फक्त इंग्रजी ० ते ९.

पण एवढ्यावर थांबलात तर मोबाईल नंबर घात करेल. '९८७६५ ४३२१०' हा नमुन्याचा नंबर घ्या आणि वरचा पॅटर्न चालवून बघा, तो पहिल्या आकड्यापासून बघतो तर जमत नाही, दुसऱ्यापासूनही नाही, तिसऱ्यापासून '७६५ ४३२' बरोबर बसतं, आणि तुमच्या यादीत कुणाचा तरी पिन ७६५४३२ होऊन बसतो. म्हणून पॅटर्नच्या आधी 'मागे आकडा नको' आणि शेवटी 'पुढे आकडा नको' अशा दोन अटी घालाच, रेजेक्समध्ये यांना लुकबिहाइंड आणि लुकअहेड म्हणतात, त्या चिन्हं खात नाहीत, नुसतं डोकावून बघतात. त्यातही माझी पद्धत अशी की सगळ्यात आधी मराठी आकडे ट्रान्सलेट वापरून इंग्रजी करून घ्यायचे आणि मग पॅटर्नमध्ये पहिला आकडा १ ते ९ एवढाच चालेल असं सांगायचं, कारण शून्याने सुरू होणारा पिन नसतोच. पिन हातात आला की मग पुढचं स्लाइसिंग परत सोपं, पिन[:३] म्हणजे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, ४०३ आला की गोवा.

गावाचं नाव स्वल्पविरामाच्या आधी असतं म्हणून बरेच जण असं लिहितात:

गाव = पत्ता[:पत्ता.फाइंड(",")]

आणि हे महिनोन्‌महिने चालतंही. मग एक दिवस अशी ओळ येते की तिच्यात स्वल्पविरामच नाही. फाइंडला काही सापडलं नाही की तो -१ देतो, आणि पत्ता[:-१] म्हणजे शेवटचं चिन्ह सोडून सगळं. 'पुणे'चं 'पुण' होतं, 'सातारा'चं 'सातार' होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, छापून आल्यावर कुणीतरी म्हणतं अरे मात्रा कुठे गेली, आणि सगळे फॉन्टला शिव्या घालतात. त्यापेक्षा पत्ता.पार्टिशन(",")[०] लिहा, खूण सापडली तर आधीचा भाग, नाही सापडली तर अख्खी स्ट्रिंग, कुठल्याच परिस्थितीत वाकडं होत नाही. शेवटच्या खुणेपासून तोडायचं असेल तर आरपार्टिशन, पण तिथे उलटं लक्षात ठेवा, खूण नसली की अख्खी स्ट्रिंग शेवटच्या खणात जाते आणि पहिला खण रिकामा. फाइंडऐवजी इंडेक्स वापरलं तर निदान सापडलं नाही की एरर तरी येते, तेही चालेल.

आडनावाला नाव.स्प्लिट()[-१]. कंसात काही देऊ नका. स्प्लिट(" ") असं जागा देऊन लिहिलं की टाईप करणाऱ्याने जिथे दोनदा स्पेसबार दाबलाय तिथे रिकामे शब्द येतात. रिकामा कंस असला की टॅब, नवी ओळ, वर्डमधून चिकटवलेली न तुटणारी स्पेस, सगळं खपवून घेतो. आता आडनाव शेवटी आहे की आधी हे मात्र पायथन सांगणार नाही, आपल्याकडच्या याद्यांमध्ये 'कुलकर्णी अनंत गोविंद' असं आडनाव आधी लिहिण्याची पद्धत भरपूर आहे, आणि एकाच यादीत दोन्ही पद्धती असल्या तर ते माणसानेच बघायचं.

नावाआधीचं 'श्री.' काढायला एलस्ट्रिप वापरलेलं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की सांगायची सोय नाही. एलस्ट्रिपला तुम्ही जी स्ट्रिंग देता ती तो अख्खी शोधत नाही, त्यातल्या सुट्ट्या चिन्हांचा संच धरतो आणि डावीकडून त्या संचातलं जे जे दिसेल ते ते खात सुटतो. आता 'श्री. श्रीरंग' वर एलस्ट्रिप("श्री. ") चालवा. संच झाला श, हलन्त, र, दीर्घ ई, टिंब आणि जागा. 'श्री. ' गेलं, मग श्रीरंगातलं 'श्री'ही गेलं, मग पुढचा 'र'सुद्धा गेला कारण तोही संचात आहे, आणि हातात उरलं अनुस्वार आणि ग. एवढा श्रीरंग, त्याचं 'ंग' केलं. पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रिफिक्स आहे ते वापरा, तो अख्खा 'श्री. ' तसाच सुरुवातीला असेल तरच काढतो, नसेल तर हात लावत नाही. टिंब आणि जागेसकट द्या हं, नुसतं 'श्री' दिलंत तर श्रीरंगचा 'रंग' होईल.

आता आद्याक्षरं. पायथन ३ ची स्ट्रिंग म्हणजे युनिकोड कोडपॉइंटची (एकेका चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) माळ, आणि देवनागरीत मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे आपापले वेगळे कोडपॉइंट. 'पुरुषोत्तम' आपल्या लेखी पाच अक्षरं: पु, रु, षो, त्त, म. पायथनच्या लेखी दहा: प, उकार, र, उकार, ष, ओकार, त, हलन्त, त, म. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) डिस्कवर लिहिलं की तीस बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं. म्हणून नाव[०] केलं की 'प' येतं, आणि ते पायथनच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. 'विष्णू'मध्ये तर ऱ्हस्व इकार डोळ्याला आधी दिसतो पण साठवताना व नंतर येतो, म्हणून तिथेही नुसता 'व'.

इंग्रजीत हे चाललं असतं. मराठीत नाही चालत कारण आपली आद्याक्षरांची पद्धतच काना-मात्रेसकट अख्खं अक्षर घ्यायची आहे. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे म्हणजे पु. ल., 'प. ल.' म्हटलं तर कोण ओळखेल? प्रल्हाद केशव अत्रे म्हणजे प्र. के., विष्णु वामन शिरवाडकर म्हणजे वि. वा. नाव[०] वाला कोड यांना 'प. क. अत्रे' आणि 'व. व. शिरवाडकर' करतो. मग कुणीतरी सुचवतं की [:२] घ्या, त्याने पुरुषोत्तम आणि विष्णू सुटतात पण प्रल्हादचं 'प्' होतं, आणि लक्ष्मणचं 'लक'. [:३] घेतलं तर प्रल्हाद सुटतो आणि पुरुषोत्तमचं 'पुर' होतं. त्र्यंबक घ्या, त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, एवढे सहा कोडपॉइंट मिळून एक अक्षर 'त्र्यं', मग ब, मग क. कुठलाच ठरलेला आकडा इथे पुरणार नाही.

करायचं असं की आधी स्ट्रिंगची अक्षरांची लिस्ट बनवायची आणि मग त्या लिस्टवर हवं ते स्लाइसिंग करायचं. लिस्ट बनवायला पायथनबरोबरच येणारं युनिकोडडेटा मॉड्यूल पुरतं, त्यातलं कॅटेगरी फंक्शन मात्रा, अनुस्वार, हलन्त यांच्यासाठी 'एम'ने सुरू होणारा कोड देतं आणि अक्षरांसाठी 'एलओ'. लूप फिरवा. चिन्हाची कॅटेगरी 'एम'ची असेल तर ते लिस्टमधल्या शेवटच्या तुकड्याला चिकटवा. चिन्ह अक्षर असेल आणि शेवटचा तुकडा हलन्तावर संपत असेल तरीही चिकटवा. बाकी काहीही असलं तर नवा तुकडा. 'हे चिन्ह अक्षरच आहे ना' ही अट विसरू नका, नाहीतर 'अर्थात्' सारख्या पाय मोडलेल्या शब्दानंतरची जागा त्यालाच चिकटते. सगळं मिळून दहाएक ओळींचं फंक्शन होतं, त्याला 'अक्षरं' म्हणू, आणि कुठलीही बाहेरची लायब्ररी लागत नाही. मग:

आद्य = अक्षरं(नाव)[०]

यात एक भर लागेल. 'सुर्‍या', 'दर्‍या' मधला तो आडवा रफार कीबोर्डप्रमाणे दोन तऱ्हेने टाईप होतो. एक, र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दुसरा, टिंबवाला ऱ आणि हलन्त. पहिल्या प्रकारात तुकडा हलन्तावर संपत नाही, जॉइनरवर संपतो. म्हणून जॉइनर आला की तोही चिकटवायचा, आणि 'हलन्तावर संपतो का' हे बघताना शेवटचा जॉइनर वगळून बघायचं.

तयार लायब्ररी हवी असेल तर रेजेक्स नावाची एक आहे, पायथनच्या स्वतःच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आरई मॉड्यूलपेक्षा वेगळी, पिपने (पायथनच्या लायब्ररी टाकायच्या साधनाने) टाकावी लागते, त्यात बॅकस्लॅश कॅपिटल एक्स म्हणजे डोळ्याला दिसणारं एक अक्षर. फक्त आवृत्ती बघून घ्या. युनिकोडचा जुना नियम हलन्तानंतर तोडायचा, म्हणजे 'क्ष'चे 'क्' आणि 'ष' असे दोन, आणि देवनागरी जोडाक्षर अख्खं धरायचा नियम आला तो २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये. तुमच्या मशीनवरची लायब्ररी कुठला नियम पाळते ते त्र्यंबक टाकला की लगेच कळतं. मी स्वतः अशा कामाला घरचं फंक्शनच वापरतो, सर्व्हर बदलला तरी उत्तर बदलत नाही.

आरईबद्दल निघालंच आहे तर, मराठी शब्द वेगळे काढायला बॅकस्लॅश डब्ल्यू ('शब्दात चालणारं कुठलंही चिन्ह') वापरू नका. पायथनच्या आरईला मात्रा आणि हलन्त शब्दाचा भागच वाटत नाहीत, त्यामुळे 'नमस्ते' वर चालवलं की 'नमस' आणि 'त' असे दोन शब्द मिळतात. तोच पायथन व्हेरिएबलच्या नावात त्याच मात्रा बिनतक्रार घेतो, आहे की नाही विनोद. आरईच वापरायचं असेल तर चौकोनी कंसात देवनागरीचा पट्टा द्या, ०९०० ते ०९७एफ, शिवाय जॉइनर. त्या पट्ट्यात दंड आणि आकडेही येतात, ते नको असतील तर वगळा.

लेबल छापायला 'नावाची पहिली वीस अक्षरं' हवी असली तरी हेच, अक्षरांची लिस्ट करा, [:२०] घ्या, जॉइनने परत जोडा. मात्र लांबी कुणासाठी मोजताय ते बघा. मराठी एसएमएस ७० चिन्हांत बसवायचा असेल तर तिथे मात्रासुद्धा मोजली जाते, तिथे साधं लेनच बरोबर. डेटाबेसच्या कॉलमची लांबी बाइटमध्ये दिलेली असेल तर एनकोड करून मोजा, आणि बाइट कधीच अधेमधे कापू नका, कापलंत की डीकोड करताना एरर येते किंवा काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

शोधून कापताना, म्हणजे पार्टिशन, रिमूव्हप्रिफिक्स वगैरे, अजून एक अडचण येते, दोन स्ट्रिंग डोळ्याला एकच दिसतात पण आत वेगळ्या असतात. टिंबवाला ऱ एकच कोडपॉइंट असू शकतो किंवा र आणि नुक्ता असे दोन. हे युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझला एनएफसी (जोडता येतील ते कोडपॉइंट एकत्र करणारा प्रकार) सांगितलं की एकसारखं होतं. पण 'ॲडव्होकेट' मधला ॲ हा २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र आला, त्याआधीच्या सवयीने बरेच कीबोर्ड अ आणि वर चंद्र असे दोन कोडपॉइंट देतात, आणि हे दोन नॉर्मलाइझ करूनही एक होत नाहीत. म्हणजे तुमच्या यादीतल्या निम्म्या वकिलांचं 'ॲड.' निघेल आणि निम्म्यांचं तसंच राहील. इथे हाताने रिप्लेस करण्यावाचून इलाज नाही, फाईल वाचल्यावर पहिल्याच ओळीत करून टाका. आणि यादीचा काही भाग जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यात आत मराठी नसतंच.

तुमच्या कोडावर अख्खी यादी सोडायच्या आधी एवढं तपासा: पुरुषोत्तम, प्रल्हाद, त्र्यंबक, क्षितिज, शंकर, कृष्णा, ॲलिस. यांची पहिली अक्षरं पु, प्र, त्र्यं, क्षि, शं, कृ, ॲ यायला हवीत. पत्त्यांसाठी एक ओळ स्वल्पविराम नसलेली, एक मध्ये जागा असलेल्या पिनची, एक पिनच नसलेली पण मोबाईल असलेली, आणि एक पूर्ण रिकामी. रिकाम्या ओळीवर अक्षरं(नाव)[०] एरर देईल, तिथे [:१] घेऊन जॉइन केलं की रिकामी स्ट्रिंग मिळते आणि लूप मध्येच थांबत नाही.